घाफची अर्धी फांदी

शनिवारची सकाळ होती. मी पोह्यांना फोडणी दिली आणि त्याच वेळी बाहेर करवत सुरू झाली. आमच्या कंपाउंडमध्ये शनिवारी सकाळी कोणी खिळासुद्धा ठोकत नाही, म्हणून मी गॅस बंद करून दार उघडलं. अंगणात माझा नवरा हाफ पँटमध्ये, कमरेवर हात ठेवून वर बघत उभा होता. घाफच्या झाडाला शिडी लावलेली होती. शिडीवर त्याच्या गोदामातला एक माणूस चढला होता आणि दुसरा खाली शिडी धरून होता.

"अरे, हे काय चाललंय?"

"फांदी काढतोय. पाच मिनिटांचं काम आहे. तू चहा टाक."

तेव्हा एप्रिल होता. ते पाच मिनिटांचं काम संपलं ऑक्टोबरात, आणि मधला सगळा काळ फोन कानाला लावून मी काढला. नवरा फक्त "काय म्हणाले?" एवढंच विचारायचा.

आधी ते झाड आमच्या आयुष्यात कसं आलं ते सांगते. आम्ही लग्नानंतरची सगळी वर्षं दुबईच्या जुन्या, गजबजलेल्या भागात, देराला काढली. खाली दुकानं, वर आम्ही. नवऱ्याचा एसीच्या स्पेअर पार्ट्सचा व्यवसाय, ऑफिस देराला आणि गोदाम रास अल खोरला. देरात राहण्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. भाजी, मेट्रो, शिंपी सगळं हाताशी होतं. तक्रार त्याची होती, आणि ती एकच होती: पार्किंग. रोज संध्याकाळी तो घराभोवती गाडी घेऊन घिरट्या घालायचा. जेवण गार व्हायचं, मी बाल्कनीतून बघायची, तो खालून चौथ्यांदा जाताना हात करायचा. "एक दिवस माझी स्वतःची पार्किंग असेल," असं तो इतर पुरुष समुद्रकाठच्या बंगल्याबद्दल बोलतात तसं बोलायचा.

मग मुलगी दहावीला जायच्या आत आम्ही शहराच्या कडेला, विमानं डोक्यावरून जातात त्या भागात, एक जुना व्हिला भाड्याने घेतला. एका फाटकात चार व्हिला, मधे सामाईक अंगण, मालक एकच. घर दाखवायला आलेला एजंट म्हणाला, "सर, डेडिकेटेड पार्किंग आहे. आणि विथ नॅचरल शेड!" माझ्या नवऱ्याने घराच्या खोल्या नंतर पाहिल्या. आधी तो त्या जागेवर जाऊन उभा राहिला.

नॅचरल शेड म्हणजे ते घाफचं झाड. खोड वेडंवाकडं, साल भेगाळलेली, फांद्या खाली झुकलेल्या आणि पानं इतकी बारीक की दुरून धूर वाटावा. पाणी कोणी घालत नव्हतं तरी बारा महिने हिरवं. वाळूतल्या देशात असं झाड दारात असणं म्हणजे नशीबच, असं मला पहिल्या दिवशी वाटलं, आणि नवऱ्यालाही. आम्ही त्याखाली गाडीचा फोटो काढून भावाबहिणींना पाठवला.

पुढच्या आठवड्यात गाडी धुवायची वेळ आली. ती बारीक पानं वायपरच्या खाचेत, बॉनेटच्या फटीत, एसीच्या जाळीत जाऊन बसली होती. फांदीवर साळुंक्या आणि पोपटांची शाळा भरायची आणि त्यांचा सगळा निकाल छपरावर लागायचा. गाडी पांढरी. मार्चमध्ये पिवळे तुरे गळायला लागले, मग तर नवरा रोज ऑफिसला जाताना हातात फडकं घेऊनच बाहेर पडायचा. मी म्हटलं, गाडीवर कव्हर घाल. कव्हर घातलं, तर काट्याने ते फाटलं. पार्किंगवर लोखंडी पाइपांचा सांगाडा होता, पण त्यावरचं कापड कधीच उडून गेलं होतं, मालकाच्या ऑफिसला नवीन बसवायला सांगितलं, ते म्हणाले, "इन्शाल्ला." म्हणून त्या शनिवारी माझ्या नवऱ्याने स्वतःच्या डोक्याने निर्णय घेतला. मला विचारलं असतं तर मी निदान इंटरनेटवर बघितलं असतं.

करवत साधारण अर्ध्यात पोचली असेल, तेवढ्यात समोरच्या व्हिलाचं दार उघडलं. तिथे एक इंग्रज बाई राहतात, साठीच्या, एकट्या. शाळेत भूगोल शिकवतात. तोवर आमचं बोलणं म्हणजे गुड मॉर्निंग आणि कचऱ्याच्या डब्याचा दिवस एवढंच. त्या ड्रेसिंग गाउनमध्ये, अनवाणी, हातात चहाचा मग घेऊन तशाच वाळूतून चालत आल्या. आवाज अजिबात चढवला नाही.

"थांबवा," त्या म्हणाल्या. "प्लीज, आत्ताच्या आत्ता थांबवा."

शिडीवरच्या माणसाला इंग्रजी किती येत होतं कोण जाणे, पण तो थांबला.

"मॅडम, ही माझी पार्किंग आहे," नवरा म्हणाला. "फक्त एक फांदी. झाड नाही कापत."

"फांदीसाठीसुद्धा परवानगी लागते. हे घाफ आहे. तुम्ही परवानगी घेतली आहे का?"

"माझ्याच पार्किंगवर आलेल्या फांदीला परवानगी कशाला?"

वरच्या खिडकीतून आमची मुलगी तोंडात ब्रश धरून बघत होती. ती म्हणाली, "बाबा, दॅट्स लिटरली द नॅशनल ट्री."

"तू अभ्यास कर," नवरा म्हणाला.

शिडीवरचा माणूस हळूच खाली उतरला. दोघांनी करवत पिशवीत घातली आणि आता आपला या गोष्टीशी काही संबंध नाही अशा चेहऱ्याने फाटकाकडे जाऊन उभे राहिले. आम्ही तिघं झाडाखाली वर बघत उभे होतो, तेव्हा कडाड असा आवाज झाला. कापलेल्या जागी फांदी फाकली आणि सावकाश, एखादा जाडा माणूस खुर्चीत बसावा तशी, पार्किंगच्या पाइपांवर येऊन टेकली. तुटली नाही. एका बाजूची साल आणि थोडं लाकूड शाबूत होतं, त्याच्या जोरावर ती झाडाला धरून राहिली. गाडी नेमकी तिच्याखाली.

नवऱ्याने आधी गाडी बाहेर काढली. मग म्हणाला, "आता बघा. आता तर ही काढावीच लागेल. डेंजरस आहे."

"आता तर हातसुद्धा लावता येणार नाही," बाई म्हणाल्या. "अधिकारी येऊन बघेपर्यंत."

कंपाउंडच्या वॉचमनने मालकाच्या ऑफिसला फोन लावून माझ्या हातात दिला, कारण नवरा तेव्हा फोनवर बोलायच्या मनःस्थितीत नव्हता. पलीकडचा माणूस मालकाची सगळी सरकारी कामं बघायचा. मी सांगायला सुरुवात केली, घाफ हा शब्द आला आणि त्याने मला पुढे बोलूच दिलं नाही. "ममनू! ममनू, मॅडम!" मनाई आहे, मनाई आहे. मग हिंदीत: "किसने बोला काटने को? कुछ हाथ मत लगाओ. खलास."

"पण फांदी अर्धी कापलीय. लटकतेय."

"लटकने दो."

तर ती लटकत राहिली. पाइपांवर टेकलेली, आमच्या पार्किंगच्या बरोबर मधे. खाली गाडी लावायची सोय नाही. जिच्यासाठी आम्ही देरा सोडलं, ती जागा समोर दिसत होती आणि माझा नवरा पुन्हा रोज संध्याकाळी बाहेरच्या गल्ल्यांतून गाडी घेऊन फिरत होता.

परवानगीचा अर्ज भाडेकरूला करता येत नाही, मालकाने करायचा असतो, हे मला तिसऱ्या फोनला कळलं. मालक वयस्कर गृहस्थ, उन्हाळा सुरू व्हायच्या आतच थंड हवेच्या देशात निघून गेलेले. त्यांच्या ऑफिसचा माणूस म्हणे, त्यांची संमती आली की करतो. संमती कधी येईल? इन्शाल्ला, लवकर. मी दर सोमवारी फोन करायची. हा शब्द मी इतकी वर्षं ऐकतेय, स्वतःही वापरते, पण त्या उन्हाळ्यात तो ऐकला की माझ्या कपाळाची शीर उडायची.

शेवटी संमती आली आणि अर्ज भरताना त्या माणसाने मला फोन केला. "मॅडम, इसमें तीन ऑप्शन है. झाड निकालना, झाड दूसरी जगह लगाना, या छटाई करना. आपका कौन सा है?"

"आमचं अर्धं कापून झालंय. उरलेलं अर्धं कापायचंय."

"ऐसा ऑप्शन नहीं है."

मी मराठीत काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. त्याने छाटणी निवडली.

मे महिन्याच्या शेवटी पालिकेची अधिकारी आली. कोवळ्या वयाची स्थानिक मुलगी, काळा अबाया, खाली पांढरे स्पोर्ट्स शूज, हातात टॅब. घाम निथळत होता तरी तिने झाडाभोवती शांतपणे फेरी मारली, फोटो काढले, कापलेल्या जागी बोट फिरवलं. नवरा त्या दिवशी मुद्दाम घरी थांबला होता आणि एखाद्या शाळकरी मुलासारखा माझ्या मागे उभा होता. समोरच्या बाईही बाहेर आल्या. मला वाटलं, झालं, आता या सगळं सांगणार.

"हे कोणी कापलं?" अधिकारी मुलीने विचारलं.

वॉचमन वर विमानाकडे बघायला लागला. शेवटी मीच म्हणाले, "आम्ही. म्हणजे माझ्या नवऱ्याने. आम्हाला नियम माहीत नव्हता."

"नियम माहीत नसणं..." ती बोलायला लागली.

"मी सांगते," समोरच्या बाई म्हणाल्या. "मी त्या वेळी इथे होते. त्यांनी फांदी कापायला लावली, हे खरं आहे. मी थांबा म्हटल्यावर ते थांबले, हेही खरं आहे. त्यानंतर त्यांनी तिला हात लावलेला नाही. मी रोज बघते."

त्या रोज बघतात, हे मला माहीत नव्हतं. ऐकून बरं वाटावं की राग यावा, ते ठरवता येईना.

अधिकारी मुलीने नवऱ्याला वाळूतच उभं करून नीट समज दिली. हे झाड इथल्या लोकांसाठी काय आहे, तिच्या आजोबांच्या लहानपणी त्याच्या सावलीत माणसं आणि जनावरं कशी तगायची, परवानगीशिवाय ते तोडणं हा गुन्हा का आहे. माझा नवरा मान हलवत होता. दंड केला नाही, लेखी ताकीद दिली. पुन्हा असं झालं तर मात्र प्रकरण पुढे जाईल, असं म्हणाली.

"मग ही फांदी आता काढू का?" त्याने विचारलं.

इतका वेळ आपण भिंतीशी बोललो की काय, अशा नजरेने तिने त्याच्याकडे पाहिलं.

"सर, ही जिवंत आहे. पानं बघा. कोरडी नाहीत. आता ऐन उन्हाळ्यात कापणार नाही आम्ही. तज्ज्ञ येऊन ठरवतील. तोपर्यंत हिला आधार द्या. पाइप वाकतोय."

"आधार? मी?"

"तुम्ही."

ती गेल्यावर नवरा अंगणातच बसला. "म्हणजे आता मी हिची सेवा करायची?"

"तुला कोणी सांगितलं होतं?" मी म्हटलं. हे वाक्य मी त्या उन्हाळ्यात किती वेळा म्हटलं असेन.

पण खरं सांगायचं तर त्याने काम चोख केलं. गोदामाशेजारच्या कॉन्ट्रॅक्टरकडून स्लॅबला लावतात तसे दोन स्टीलचे जॅक आणले. जॅकच्या टोकाला सालीला घासू नये म्हणून जुन्या गादीचा स्पंज बांधला. एक टेकू इकडे, एक तिकडे, आणि मधे फांदी, प्लास्टरमधल्या पायासारखी. रोज सकाळी ऑफिसला जाताना तो जॅक घट्ट आहे का ते हलवून बघायचा. आणि मग उन्हात लांब लावलेल्या गाडीकडे चालत जायचा, शर्ट पाठीला चिकटायचा, तोंडाने पुटपुटणं चालूच.

जूनमध्ये शाळा संपायच्या सुमारास समोरच्या बाईंनी मला चहाला बोलावलं. मी जरा अढी मनात ठेवूनच गेले. त्यांच्या घरात भरपूर पुस्तकं आणि बेताचं फर्निचर होतं. चहात दूध नंतर घातलं आणि तेही नावाला. मी सरळच विचारलं, "तुम्हाला झाडांबद्दल एवढं सगळं कसं माहीत?"

"मला झाडांचं फार माहीत नाही. परवानग्यांचं माहीत आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी त्यांच्या गावाबद्दल सांगितलं. इंग्लंडमधलं लहानसं गाव: एक चर्च, एक पब, एक दुकान, आणि जुनी झाडं. तिथे काही झाडांना सरकारी संरक्षण असतं. झाड तुमच्या परसात असेल, जमीन तुमची असेल, पानं तुम्ही झाडत असाल, तरी त्याची फांदी कापायला कौन्सिलकडे अर्ज करावा लागतो. कारण द्यावं लागतं. गावातल्या लोकांना हरकत घेता येते. आणि गावाचा जुना भाग सगळाच जपायचा म्हणून ठरवलेला असेल, तर ज्या झाडांना वेगळं संरक्षण नाही त्यांच्यासाठीही आधी कळवावं लागतं.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर एक प्रचंड हॉर्स चेस्टनट होता. आमच्या वडासारखा पसरलेला, असं त्यांनी हात पसरून दाखवलं. त्या झाडामुळे स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागे. भिंतीला ओल. त्या सून म्हणून त्या घरात आल्या आणि पहिल्याच हिवाळ्यात म्हणाल्या, हे झाड कापू या. अर्ज केला. नामंजूर. वर अपील केलं. तेही नामंजूर. शेजारच्या म्हाताऱ्याने तर त्यांच्या विरोधात हरकत घेतली होती आणि दुसऱ्या दिवशी तोच अंडी घेऊन दारात आला होता.

"मला इतका राग आला," त्या म्हणाल्या, "की मी गावाच्या कमिटीवर निवडून आले. नियम बदलायला."

"मग बदलला?"

"नाही. तिथे बसल्यावर रोज नवीन अर्ज यायचे. कुणाला पानं नकोत, कुणाला गाडीवर चिकट पडतं म्हणून नको, कुणाला नवीन गॅरेज बांधायचंय. सगळ्यांची कारणं खरी होती. माझ्यासारखंच प्रत्येकाचं एक स्वयंपाकघर होतं. सगळ्यांना हो म्हटलं असतं तर गावात एक झाड उरलं नसतं. मग मी नाही म्हणायला शिकले. लोक मला रस्त्यात टाळायचे."

"आणि तुमचं झाड?"

"आहे. दुपारी अजून दिवा लागतो. माझी बहीण राहते तिथे आता, ती मला फोनवर शिव्या देते."

मी म्हटलं, "मग तुम्हाला तर आमचं दुःख कळायला हवं होतं."

"कळलं ना," त्या म्हणाल्या. "म्हणून तर चहा तसाच घेऊन अनवाणी धावले. अजून दोन मिनिटं उशीर झाला असता तर तुमच्यावर केस झाली असती."

मी घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे स्वतःची फांदी कापू दिली नाही, त्याचा राग माझ्यावर काढला." मी त्याच्याशी वाद घातला नाही. मलाही एका बाजूने तसंच वाटत होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत समोरच्या बाई मायदेशी गेल्या आणि तिथून दर आठवड्याला मेसेज: फांदी कशी आहे? फोटो पाठवाल का? बाहेर पंचेचाळीस डिग्री. मी ओढणी डोक्यावर घेऊन फांदीचा फोटो काढायला जायची. फांदीला काही झालेलं नव्हतं. उलट कापलेल्या जागेच्या पलीकडे नवे कोंब फुटले होते. उत्तरादाखल त्या मला त्यांच्या स्वयंपाकघरातल्या दिव्याचा फोटो पाठवायच्या, भर दुपारी लावलेला.

गणपतीत आणखी एक भर पडली. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. पुण्याहून माझी मोठी नणंद व्हिडिओ कॉलवर आरास बघत होती. मुलीने फोन उत्साहाने अंगणभर फिरवला.

"अगं थांब, थांब," नणंद ओरडली. "ते झाड कुठलं? जवळ ने. अगं ही तर शमी!"

"ताई, इथे ह्याला घाफ म्हणतात," मी म्हटलं.

"काही म्हणू देत, ही शमी आहे. गणपतीला वाहतो ती. दसऱ्याला जिची पूजा करतो ती. आणि त्या फांदीला टेकू कशाला दिलाय?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा गणपतीकडे पाहत होता. मुलीने सगळं सांगून टाकलं, इंग्रजीत, पण नणंदेला पुरेसं समजलं. "शमीवर करवत चालवलीस? वेडा आहेस का तू?" तिने धाकट्या भावाला झापलं ते पार आरतीची वेळ होईपर्यंत. मला गंमत वाटायला हवी होती, पण मला आठवलं की आदल्याच दिवशी मी बर दुबईला गर्दीत घुसून, मुंबईहून विमानाने आलेल्या पत्रीचं पाकीट आणलं होतं आणि त्यात शमीच्या चार सुकलेल्या डहाळ्या होत्या. दारात अख्खं झाड उभं!

"मग आता ताजी तोडून आण," नणंद म्हणाली.

"तोडता येत नाही, ताई. ताकीद आहे."

"देवासाठी पण नाही?"

"देवासाठी वेगळा ऑप्शन नाही."

मी खाली पडलेली पानं वेचून आणली, तर नणंद म्हणाली, जमिनीवर पडलेली चालत नाहीत. शेवटी पाकिटातल्या डहाळ्याच वाहिल्या. दसऱ्यापर्यंत मला रोज एक मेसेज येत होता, त्या झाडापाशी दिवा लाव म्हणून. झाडाजवळ दिवा लावला तर वॉचमन आग लागेल म्हणून विझवायचा. मी कुणाकुणाला तोंड देणार होते?

ऑक्टोबरात हवा जरा सुसह्य झाली आणि एका सकाळी तज्ज्ञ आले. टोपी घातलेले गृहस्थ, बरोबर तीच अधिकारी मुलगी आणि ट्रकमधून चार माणसं. समोरच्या बाई परत आल्या होत्या, त्याही आल्या. तज्ज्ञांनी जॅक पाहिले, स्पंज पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे छान केलंय." नवऱ्याची मान ताठ झाली. मग त्यांनी चीर बघितली आणि एका वाक्यात निकाल दिला: ही फांदी काढायला हवी, नाहीतर वाऱ्याने फाटत खोडापर्यंत जाईल.

"हे मी एप्रिलमध्येच सांगत होतो," नवरा मला मराठीत म्हणाला.

"चूप," मी म्हटलं.

माणसांनी दोऱ्या बांधल्या, फांदी तुकड्यातुकड्याने उतरवली, खोडाशी नीट तिरपा काप घेतला आणि ट्रक भरला. चहा होईपर्यंत सगळं संपलं होतं. पाच मिनिटांचं नाही, पण अर्ध्या तासाचं काम असेल. पार्किंगवर मोकळं आकाश दिसत होतं. नवऱ्याने गाडीची किल्ली खिशातून काढली.

तेवढ्यात त्याच चार माणसांनी ट्रकमधून लाकडी खुंट आणि दोर काढले आणि झाडाभोवती मोठं वर्तुळ आखून खुंट ठोकायला सुरुवात केली. ते वर्तुळ आमच्या पार्किंगच्या पार पलीकडच्या रेघेपर्यंत गेलं.

"हे काय?" नवऱ्याने विचारलं.

"मुळांसाठी," अधिकारी मुलगी म्हणाली. "झाडाला जखम झाली आहे. मुळांवर गाडीचं वजन नको. मालकांना कळवलंय, त्यांनी मान्य केलंय."

"आणि माझी पार्किंग?"

"ते मालकांशी बोला, सर."

मी मालकाच्या ऑफिसला फोन लावला. दुसरी जागा देऊ म्हणाले. कधी? मी उत्तर ऐकायच्या आत फोन ठेवला.

समोरच्या बाई नवऱ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "आय ॲम सॉरी." मला वाटलं तो काहीतरी तिरकस बोलेल. पण तो म्हणाला, "तुमच्या किचनला एक चांगला एलईडी लाव म्हणावं बहिणीला. माझ्याकडे गोदामात आहेत. घेऊन जा." त्या हसल्या. त्या हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. नंतर त्याने खरंच दोन पॅनेल नेऊन दिले, आणि विमानात कसे न्यायचे म्हणून त्यांनी मला तीन मेसेज केले. उत्तरं अर्थात मीच दिली.

अर्जात नंबर माझा दिला होता, त्यामुळे संध्याकाळी माझ्या फोनवर पालिकेचा मेसेज आला: तुमची विनंती पूर्ण झाली, आमच्या सेवेबद्दल तुमचं मत कळवा. खाली तीन चेहरे, एक हसरा हिरवा, एक पिवळा, एक रडका लाल. इतक्या महिन्यांचं सगळं माझ्या बोटाच्या टोकाशी जमा झालं. मी लाल चेहऱ्याकडे बोट नेलं, तर नवऱ्याने फोन काढून घेतला आणि हिरवा दाबला.

"अरे!" मी किंचाळले. "वेडा झालास का? पार्किंग गेली, उन्हाळाभर चाललास, ताकीद मिळाली..."

"ती मुलगी काय करणार बिचारी," तो म्हणाला. "उन्हात दोनदा आली. आणि त्यांनी काप किती सफाईने घेतला, बघितलास ना? आपल्या माणसाने फाडूनच टाकलं होतं."

मी आत जाऊन पोळ्यांची कणीक मळायला घेतली. त्याला कुठेतरी जायचं होतं. थोड्या वेळाने खिडकीतून बघितलं तर तो फाटकाबाहेर, गल्लीच्या तोंडाशी, किल्ली हवेत धरून बटण दाबत उभा होता. आदल्या रात्री गाडी कुठल्या गल्लीत लावली होती, ते त्याला आठवत नव्हतं.